पुन्हा नाणी जमवायची झाली तर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भिंगारच्या गल्लीतला सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात दीड-दोनशे नाणी. त्याने डबा जमिनीवर पालथा केला, नाण्यांचा खळखळाट ओसरू दिला, आणि सरळ विचारले, "आजोबा, तुम्ही साठ वर्षं नाणी जमवताय. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली, तर काय वेगळं कराल?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला लगेच देता येईना. "उद्या सांगतो" म्हणून मी त्याला वाटेला लावले, आणि नगरमधल्या दोघातिघा जुन्या संग्राहक मित्रांना तोच प्रश्न टाकला. गंमत अशी, की "अमुक एक दुर्मिळ नाणे घ्यायचे राहिले, ते घेईन" असे कोणीच म्हणाले नाही. सगळे बोलले ते आपापल्या चुकांविषयी, आणि चुकाही जवळजवळ त्याच. तेव्हा आज आपल्यापुढे मांडतो आहे ते एकट्या माझे शहाणपण नव्हे. चार-पाच जणांनी पदरचे पैसे आणि बरीच वर्षे खर्चून घेतलेला तो अनुभव आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. साल १९६४. मी तेरा वर्षांचा होतो. भिंगारमध्ये एका घराचा पाया खणत असताना कुदळीला गाडगे लागले. आत काळीहिरवी, एकमेकांना चिकटलेली तांब्याची नाणी. अर्ध्या तासात वाटणी झाली. काही मालकाने घेतली, काही मजुरांनी, काही बघायला जमलेल्या पोरांनी. माझ्या वाट्याला एकतीस आली. त्या रात्री मी आईकडून चिंच मागून घेतली, चुलीतली राख घेतली, आणि घागर घासावी तशी ती एकतीस नाणी लख्ख घासून काढली. सकाळी ती नव्या पैशासारखी चमकत होती. सगळ्या आळीने कौतुक केले.

आज त्या एकतीसांपैकी तीनच नाण्यांवरची अक्षरे वाचता येतात. ती तीन निजामशाहीची आहेत. उरलेले अठ्ठावीस नुसते तांब्याचे गुळगुळीत तुकडे आहेत.

हे असे का झाले, ते नीट समजून घेऊ. तांब्यावर वर्षानुवर्षे हवेचा, ओलाव्याचा आणि मातीचा परिणाम होऊन तपकिरी-हिरवी साय धरते. आपण तिला मळ म्हणतो. पण ती बाहेरून येऊन बसलेली नसते. नाण्याच्याच पृष्ठभागावरच्या तांब्याचे ते रूपांतर असते. जुन्या, झिजलेल्या नाण्यावर अक्षराची बारीक कड पुष्कळदा त्या सायीतच टिकून राहिलेली असते. चिंचेतले आम्ल ती साय विरघळवते, आणि राखेचे कण खाली उरलेल्यावर ओरखडे काढतात. म्हणजे मळ म्हणून जे काढले, तोच नाण्यावरचा लेख होता.

म्हणून पहिली गोष्ट: पुन्हा सुरुवात केली तर मी एकही नाणे घासणार नाही. चिंच नाही, लिंबू नाही, भांडी घासायची पूड नाही, सोनाराचे तेजाब तर नाहीच नाही. माती फारच असेल तर बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्यात नाणे भिजत ठेवावे, पाणी बदलावे, मऊ कापडाने टिपावे, चोळू नये. तांब्याच्या नाण्यावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके पडून ते वाढत असतील, तर तो रोग समजावा. ते नाणे बाजूला, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. पण हौसेने लख्ख करायला बसू नये. बाजारातही घासलेल्या नाण्याला किंमत कमीच येते.

ती अठ्ठावीस नाणी गेली याचे दुःख आहेच. पण मोठे नुकसान ते नव्हे. मोठे नुकसान झाले ते पहिल्या अर्ध्या तासात, वाटणी झाली तेव्हा. गाडग्यात एकूण नाणी किती होती? कोणत्या कोणत्या राजवटींची होती? सर्वांत अलीकडचे नाणे कोणाचे होते? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ठेव्यातले सर्वांत नवे नाणे ज्या सालचे, त्याच्या आधी तो ठेवा पुरलेला असूच शकत नाही. तेवढे एक नाणे ओळखता आले असते, तर गाडगे कोणत्या धामधुमीत पुरले याचा अंदाज बांधता आला असता.

आणि भिंगारच्या मातीत तर अशा धामधुमी थोड्याथोडक्या नाहीत. शेजारचे नगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवले. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. औरंगजेब १७०७ साली वारला तो इथेच, भिंगारजवळच्या छावणीत. पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, १७९७ मध्ये शिंद्यांकडे गेला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. माझ्या गाडग्याचा मालक यांतल्या कोणत्या फौजेच्या भीतीने पैसे पुरून गेला, आणि ते काढायला परत का आला नाही? हे सांगू शकणारा साक्षीदार त्या दिवशी आम्ही मूठमूठ वाटून घेतला. त्यात माझीही एक मूठ होती.

याच्या उलट काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपान याची. नाण्यावर राजाचा मुखवटा, आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली अक्षरे. पण तपासणाऱ्यांच्या लक्षात आले, की त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला आहे, आणि तो गौतमीपुत्र सातकर्णीचा आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची चिन्हे उमटवलेली. नहपानाचा पाडाव करून सातवाहनांनी आपले राज्य परत मिळवले, ही हकीकत नाशिकच्या लेण्यांतल्या लेखावरून कळत होती. या नाण्यांनी तिला हातात धरता येईल असा पुरावा दिला.

आता कल्पना करा, ही नाणी गावोगावच्या सराफांकडे दहा-दहा, वीस-वीस अशी गेली असती. काही आटली असती, काही ताईत झाली असती. एखाद्या हौशी माणसाकडे दुहेरी ठशाची दोन नाणी आली असती, आणि "ठसा बिघडलेला दिसतोय" म्हणून त्याने ती टाकूनही दिली असती. तेरा हजार नाणी एकत्र राहिली, मोजली गेली, म्हणून इतिहास बोलला.

आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. तिथे सातवाहनांची नाणी मातीच्या थरांत मिळाली. थरात मिळालेले नाणे त्या थराचा काळ ठरवायला मदत करते, आणि त्या थरातल्या खापरांचा, मण्यांचा, भिंतींचा काळ मग त्यावरून लागतो. तेच नाणे नदीकाठी सापडून चार हात फिरून माझ्या डब्यात आले, तर ते नुसते 'सातवाहनांचे एक नाणे' उरते. धातू तोच, वजन तेच. पण कुठे सापडले ते सांगणारे कोणी राहिले नाही, की त्याची निम्मी साक्ष संपते.

म्हणून दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी: पुन्हा सुरुवात केली तर नाण्याआधी मी वही विकत घेईन. जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली, साधी वही. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक. पुढे तारीख, कोणाकडून मिळाले, कुठे सापडले, काय किंमत दिली, धातू कोणता, वजन किती, व्यास किती, दोन्ही बाजूंना काय दिसते. आज घरोघरी फोन आहेत. दोन्ही बाजूंचे छायाचित्र तिथल्या तिथे काढता येते. विकणारा सांगतो ती हकीकतही लिहावी, पण 'असे तो म्हणाला' एवढी पुस्ती जोडून. सराफाकडे मिळणारा बारीक वजनकाटा फार महाग नसतो, आणि त्याच्यासारखा प्रामाणिक सल्लागार नाही. कंपनी सरकारच्या १८३५ पासूनच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम. झिजेने थोडे कमी भरेल. पण रुपया दहा ग्रॅमच भरला तर काहीतरी काळेबेरे आहे, हे काटाच सांगतो.

माझ्या एका मित्राकडे दोन हजारांवर नाणी आहेत आणि वही नाही. "सगळं डोक्यात आहे," असे तो अनेक वर्षे म्हणत आला. आता तो पंच्याऐंशीचा आहे. परवा एक नाणे हातात धरून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "हे मला कोणी दिलं रे?" मी काय सांगणार!

तिसरी गोष्ट: सगळेच जमवायला जाऊ नये. मी लहानपणी दिसेल ते घेई. ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, चवली, पावली. गाझापट्टीत शांतिसेनेत जाऊन आलेल्या कँपातल्या एका जवानाने दिलेले इजिप्तचे नाणे. सगळे एकाच डब्यात. त्याला संग्रह म्हणत नाहीत, त्याला खुर्दा म्हणतात. एक विषय धरला, की नाणी एकमेकांशी बोलू लागतात.

शिवराईच पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. दिसायला सगळ्या सारख्या. पण ओळीने मांडल्या की कुठे 'शिव', कुठे 'सिव'. कुठे अक्षराचे वळण वेगळे, कुठे ठिपक्यांची रचना निराळी. शिवाजीमहाराजांनंतरही हे नाणे अनेक ठिकाणी पाडले जात होते, आणि ते दीर्घकाळ चलनात राहिले. पेशवाईतली दुदांडी शिवराई त्याच कुळातली. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट, ज्यांना आपण मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ओळखतो, त्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हजारो शिवराया तपासल्या आणि त्यांच्या प्रकारांवर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. ज्या तांब्याच्या नाण्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याचा अभ्यास झाला तो एकच विषय हट्टाने धरल्यामुळे.

मुलांनी तर आणखी सोपा विषय घ्यावा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. मग शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ मध्ये 'नवा' हा शब्द गळाला. त्याच सुमाराला षट्कोनी तीन पैसे आले. पुढे ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. एवढ्याच कालखंडातली नाणी सालवार लावायची. सालाच्या खाली बारीक खूण असते, तीही पाहायची: मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही. खाऊच्या पैशांत होणारा हा संग्रह आहे, आणि तो पुरता करता येतो. पुरता करता येईल असा विषय घेण्यात मोठा आनंद असतो.

चौथी गोष्ट: नाणे घेण्याआधी ते वाचायला शिकावे. माझी एक फजिती सांगतो. पंचविशीत माझ्याकडे औरंगजेबाचा चांदीचा एक रुपया होता. फार्सी येत नाही म्हणून मी त्याकडे कधी नीट पाहिलेच नाही, आणि एका चकचकीत व्हिक्टोरिया रुपयाच्या बदल्यात तो देऊन टाकला. काही वर्षांनी घेणाऱ्यानेच मला दाखवले, की त्यावर हिजरी १११८ असा आकडा आहे. हिजरी १११८ म्हणजे बादशहा ज्या साली वारला ते साल. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ज्याचा अंत झाला, त्याच्या शेवटच्या वर्षातला रुपया माझ्या खिशात होता, आणि मला तो वाचता आला नाही! फार्सीचे दहा आकडे एका दुपारी पाठ होतात. त्या एका दुपारच्या आळसाने तो गेला.

मराठेशाहीच्या रुपयांनाही हे लागू आहे. पुष्कळांवर नाव दिल्लीच्या बादशहाचेच असते, अक्षरे फार्सी असतात, आणि रुपया मराठ्यांचा आहे हे कळते ते अंकुशासारख्या एखाद्या खुणेवरून. जुने पोतदार या खुणांवरूनच रुपया पारखत आणि बट्टा ठरवत. तेव्हा आधी पाहावे, मग घ्यावे. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आपल्याला जवळ आहे. मुंबईला रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय २००४ पासून आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था १९८० साली निघाली. एक वर्ष काही न घेता नुसते पाहण्यात घालवावे, असे मी म्हणेन. त्या वर्षात जे पैसे वाचतील ते वेगळेच.

पाचवी गोष्ट फसवणुकीची. रामदरबाराचे चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' अशी अक्षरे असलेले नाणे आपल्यापैकी कित्येकांच्या देव्हाऱ्यात असेल. श्रद्धेने ठेवले असेल तर खुशाल ठेवा. पण कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. ते तांदूळ ओढते, धन आणते, म्हणून कोणी हजारो रुपये मागितले तर दार लावून घ्यावे. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खरोखरच दुर्मिळ. म्हणूनच दुसऱ्या सालच्या रुपयावरचा आकडा बदलून तो 'तयार' केला जातो. ओतीव खोट्या नाण्याच्या अंगावर बारीक भोके दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, आणि कडेला जोडाची रेघ सापडते. आणि "तुमच्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा" असा फोन आला, तर ते शुल्कच त्याची कमाई असते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार होऊ लागले, तेव्हा २०२१ साली बँकेला स्वतः लोकांना सावध करावे लागले.

जपणुकीचे थोडक्यात सांगतो. नाणे कडेला धरावे. बोटाचा घाम ठसा सोडतो. मऊ, वास मारणारी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. काही वर्षांनी ती हिरवट चिकट थर सोडतात. वर्तमानपत्राच्या कागदात नाणी गुंडाळू नयेत. पावसाळ्यात ओल धरणारे भिंतीतले कपाट नाण्यांचे वैरी.

आता कायद्याचे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो कलेक्टरांना लेखी कळवावा लागतो. लपवणे गुन्हा आहे. लोकांना वाटते, कळवले की सगळे गेले. तसे नाही. त्याला धनी निघाला नाही, तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्यातच सांगितला आहे, आणि सरकारने ठेवा घेतला तर मोबदला द्यावा लागतो. १९६४ साली आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ते गाडगे आज कदाचित एखाद्या संग्रहालयात, सगळ्या नाण्यांसह, अखंड असते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला बंदी आहे, हेही लक्षात ठेवावे.

शेवटची गोष्ट, आपल्या मागे काय, ही. पंडित भगवानलाल इंद्रजी १८८८ मध्ये वारले. क्षत्रपांचा इतिहास लावणाऱ्या या विद्वानाने आपल्या नाण्यांची व्यवस्था मृत्युपत्रात करून ठेवली होती. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेली. आपल्या देशात राहिली असती तर अधिक बरे, असे मन म्हणते, पण ती विखुरली नाहीत, हे खरे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. म्हाताऱ्याच्या मागे डबा निघतो, मुलांना काही माहीत नसते, आणि नाणी वजनावर जातात. वही असेल तर निदान पुढच्या माणसाला कळते, की हातात काय आहे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला. मी त्याला एकही नाणे दिले नाही, वही दिली. आम्ही दोघे ओसरीवर बसलो. त्याने डब्यातून एक षट्कोनी तीन पैसे काढले आणि वहीत पहिला क्रमांक घातला. 'कुठे सापडले' या रकान्यापाशी तो थांबला. "हे घरातच होतं की आजोबा. लिहायचं कशाला?"

मी म्हटले, "घरात कुठं?"

तो घरी पळत गेला आणि विचारून आला. मग त्याने लिहिले: 'आजीच्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीखाली. भिंगार.'

त्याची एक नोंद नीट झाली. माझ्या एकतीस नाण्यांना ती कधीच मिळाली नाही.